रिमेन

मुहर्रकच्या गल्लीत, सुक्या लिंबांच्या दुकानाशेजारी
आमचं टायपिंग सेंटर.
दोन टेबलं, एक एसी,
तोही माणूस बोलायला लागला की बंद करावा लागतो.

साडेसातलाच लाडू मेस्त्री आला,
आचऱ्याचा, होड्यांच्या कारखान्यातला.
कानामागे पेन्सिल, मुठीत कंपनीचं पत्र,
घडी इतकी बारीक की ताईतच.
बाय गो, यातलो एकच शब्द माका कळणा नाय.
बाकीचे कळतत अशातलो भाग नाय,
पण ह्यो मॅनेजरान दोनदा वाचल्यान.

बोट ठेवलं. रिमेन.

राहणे, मी म्हटलं.

"रवाक सांगतत!"
आणि तो दाराबाहेर. पाठीवरचा भुसा
मागच्या खुर्चीला चिकटलेला.
पत्रात पुढे 'तीस तारखेपर्यंत' होतं.
ते वाचून दाखवायचं राहिलं.

शब्द तसा गरीब. दिवसातून चाळीसदा
माझ्या बोटांखालून जातो.
शिल्लक रजा, थकलेला पगार, उरलेले हप्ते.
विमानात तो पट्टा बांधून बसायला लावतो.
शाळेत तो भागाकाराच्या खाली यायचा, एकटा,
कुणालाच न पुरलेला:
एकोणीस वर्षं भागिले दोन-दोन वर्षांचे व्हिसा,
भाग नऊ, बाकी एक.
ती बाकी मी असावी.

दोन वर्षांसाठीच आले होते.
आई फोनवर अजून तेच विचारते,
किती दिस रवतलंस थंय?
मी म्हणते, बघू.
बघू-ला इंग्रजीत काय म्हणतात
ते या यंत्रावर कधी टाइप करावं लागलं नाही.

मग त्याच महिन्यात गुजराणवाल्याचा शिंपी गेला,
झोपेत, पंख्याखाली.
त्याचे कागद माझ्याकडे आले. सोबत लाडू,
पेटीचं झाकण नीट बसतं का बघायला
त्यालाच बोलावलं होतं.
माझ्या खांद्यावरून पडद्यात बघत राहिला.
ह्यो आपलोच शब्द मा?
हो.
मग फुडे एस कित्याक?

अनेकवचन, मी म्हटलं.

माणूस तर एकच होतो.

शाजीनं मान वर केली नाही,
स्टेपलर मात्र थांबला.
मी एसी लावला.

त्या रात्री राहून राहून वाटलं
की आपल्याकडे एस लागत नाही.
आपण 'राहिलं' म्हणतो, एवढंच,
आणि त्यात सगळं मावतं:
खोलीत कोण राहिलं,
ताटात काय राहिलं,
बाबांना शेवटचं भेटायचं राहिलं.
आणि 'राहून गेलं' म्हणतो तेव्हा तर
एकाच श्वासात राहतो आणि जातो,
आणि कुणाला यात चूक सापडत नाही.
हे मॅनेजरला कसं सांगणार,
त्याच्या भाषेत राहणारा राहतो
आणि जाणाऱ्याला वेगळा फॉर्म.

एकतीस तारखेला लाडू परत आला.
खोलीला दुसरं कुलूप होतं.
एका हातात तासणी, दुसऱ्यात सुतळीनं बांधलेली गादी.
पत्र तेच, घडीवर फाटायला आलेलं.
बघ मा, हयसर 'रवा' लिवलाहा.

या वेळी मी शेवटपर्यंत वाचलं.
मराठीत, सावकाश, तारखेसकट.
आधीच वाचायला हवं होतं, असं म्हणायला तोंड उघडलं
तर तो हात हलवून म्हणाला, रवांदे.

मग बराच वेळ पेन्सिलीचं टोक नखानं उकरत बसला.
म्हणजे 'रवा' नाय तो.
'रवलंस तितक्या पुरे', असो आसा.

मी मान डोलावली. कोशात हा अर्थ नाही.
बाहेर लिंबांच्या पोत्यावर त्यानं गादी टेकवली
आणि दुकानदाराला विचारलं,
जरा वेळ ठेवू का.