बेचाळीस किलो

वेडावाकडा जॉब आला की फोर-जॉ चक चढवावा लागतो.
गोल कामाला तीन जबडे पुरतात,
पण लूमवाले आणून टाकतात ते सगळंच गोल नसतं.
टॅपेटचं खडबडीत ओतीव,
कान तुटलेला ब्रॅकेट,
आणि वर, "संध्याकाळपर्यंत द्या, माग उभाय."

बेचाळीस किलो भरतो. भंगारवाल्याच्या काट्यावर
एकदा मोजून घेतला,
तर तो म्हणाला, "ठेवूनच जाता का?"

एकोणीस वर्षं उचलला.
मांडीवर घ्यायचा, मांडीवरून लेथच्या बेडवर,
बेडवर लाकडी ठोकळा, ठोकळ्यावरून पुढं रेटायचा,
आणि पोट आत ओढून, श्वास धरून,
थ्रेड शोधायचे स्पिंडलवर.
दहा बाय बाराची खोली. मागे भिंत, भिंतीला देव,
उजवीकडे राजमणीचं विड्यांचं सूप.
एप्रिलात पत्र्याखाली लोखंड असं तापायचं
की धडप्याशिवाय हात लावता येत नसे.

सिद्राम मेस्त्रींकडं शिकलो मी, अक्कलकोट रोडला.
आठ बोटांचा माणूस.
चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरायचे.
म्हणायचे, "लोखंडाशी कुस्ती नाही खेळायची.
निसटलं तर निसटू दे.
झेलायला गेलास की संपलास.
चक नवा मिळतो बे."
मी मान हलवायचो.
विशीत सगळेच मान हलवतात.

श्रावणात कंबर गेली.
आवाज झाला नाही काही.
चक ठोकळ्यावर होता, आणि मी फरशीवर,
फॅनची तीन पाती मोजत.
सिव्हिलचा डॉक्टर म्हणाला, पाच किलोच्या वर उचलायचं नाही.
राजमणीनं विचारलं, "दळणाचा डबा?"
तो म्हणाला, "तोही नाही."
ती माझ्याकडं बघून हसली. मला नाही हसू आलं.

मग मंगळवार बाजारातून चेनपुली आणली,
अर्ध्या टनाची, जुनी.
बंद पडलेल्या सायझिंगमध्ये ती सुताचे बीम उचलायची.
हुकाच्या बेचक्यात अजून खळीचा पापुद्रा होता, पिवळट.
मी रॉकेलनं धुतला. पूर्ण निघाला नाही.
मैनुद्दीननं भिंतीतून भिंतीत चॅनेल टाकलं,
वेल्डिंग केलं, हातोडा मारून बघितला,
आणि म्हणाला, "चक लटकवायच्या आधी दुसरं काही लटकवा,
जे पडलं तर चालेल."

ज्वारीचं पोतं लटकवलं. रात्रभर.
सकाळी पोतं होतं तिथंच,
खाली मुंग्यांची रांग.
पण पोतं पन्नासचं, आणि माझं मन भरेना.
म्हणून पट्टा काखेतून घेतला, हुकात अडकवला,
म्हटलं, "ओढ."

राजमणीनं हातातली विडी बांधून संपवली.
दोरा तोडला. उठली.
चेन ओढायला लागली, विहिरीतून पाणी काढावं तशी,
घाई नाही, थांबणं नाही,
कटकट कटकट दात मोजत पुली फिरली
आणि माझे पाय फरशीवरून सुटले.
वीतभर. जास्त नाही.
मी गरगर हळू फिरलो: देव, लेथ, सूप, दार,
दारात शेजारची पोरं, पुन्हा देव.

"वजन उतरलंय की तुमचं," ती म्हणाली.
चेन एका हातात तशीच धरलेली.
मला वाटलं ती आणखी काही बोलेल.
ती नुसती बघत होती, पट्ट्याकडं, वरच्या वेल्डिंगकडं,
मग सावकाश खाली सोडलं.

आज दुपारी पुन्हा वेडावाकडा जॉब आला.
चक हवेत उठला, आपला आपण, चिंध्यांनी गुंडाळलेला,
एवढं ओझं आणि एवढं गुमान.
स्पिंडलसमोर आला तेव्हा किंचित झुलला
आणि माझा हात गेला त्याच्याखाली.

सवय. एकोणीस वर्षांची.

सुपावरून मान न उचलता
ती म्हणाली, "हात."

मी काढला.