विभाग नऊ

कोलशेतच्या बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्यात
आमचं अंतराळयान उभं आहे.
प्लायवूड, थर्माकोल, भंगारातले पंखे
आणि चंदेरी रंगाचे साडेतीन डबे.
दाराशी सुतार पुंडलिक भोईर चपला काढायचा,
रंग ओला असायचा म्हणून.
नव्या नटाला वाटलं, रीत असेल.
त्यानेही काढल्या, वर उंबऱ्याला हात लावून कपाळी नेला.
आता सगळेच नेतात.
रंग कधीचा वाळलाय.

मी संवाद लिहिते. दिवसाला एक भाग.
चौऱ्याण्णवाव्या भागात यानातली हवा संपत येते.
विभाग नऊमध्ये तीनशे माणसं झोपलेली;
तिथली झडप बंद केली
तर बाकीचे अकरा हजार जगतात.
यानाचं यंत्र म्हणतं,
"मला मोजता येतं. वजा करायला सांगू नका."
हे वाक्य रात्री दोनला सुचलं
आणि मी स्वतःवर खूश होऊन चहा टाकला.

सकाळी वाहिनीचा फोन.
कप्तानाने आधी प्रार्थना करावी.
कुणाची?
असा देव हवा, जो कुणालाच आपला वाटणार नाही,
म्हणजे कुणाची तक्रार नाही.
शेवटी एक निळा दिवा ठरला. चाळीस वॅटचा.
मी म्हटलं, त्यापेक्षा खंडेनवमी दाखवू,
बटणांना हळदकुंकू, एखादा झेंडू.
"अवकाशात झेंडू कुठून येणार, मॅडम?"
अकरा हजार माणसं दोनशे वर्षं झोपलेली चालतात त्यांना.
झेंडू नाही.

झेंडू माझ्या बाबांचा होता.
ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कंपनीत एकतीस वर्षं,
तिन्ही पाळ्यांत.
खंडेनवमीला सगळे पान्हे, पंप, मोटारी पुजायचे,
आम्हा पोरांना पेढा मिळायचा.
बाबा एक फूल घेऊन मागच्या जुन्या शेडमध्ये जायचे
आणि गंजलेल्या एका झडपेच्या चाकावर ठेवायचे.
मी म्हटलं, ही तर फिरत पण नाही.
"फिरली होती एकदा."
तेवढंच. मी पेढा चाटत होते.

भाग लागला त्या रात्री मी ऐरोलीला होते.
बाबांना ऐकू कमी येतं,
खुर्ची टीव्हीच्या तोंडाशी ओढून बसलेले.
कप्तान निळ्या दिव्यापुढे डोळे मिटतो.
व्हायोलिनं चढत जातात.
हात झडपेवर. गालावर ग्लिसरीन.
"असं वाजत नव्हतं काही," बाबा म्हणाले.
काय?
"पंप चालू होते. पंपांत कुणाची हाक ऐकू येत नाही.
आली तरी येत नाही."
मग साबण, मग सिमेंट, मग गृहकर्ज.
जाहिराती संपता संपता,
पडद्यावरची नजर न काढता,
"आणि विभाग नऊ काय म्हणतेस सारखं?
नावं दे त्यांना."
मग म्हणाले,
"हिराजी मढवी. गोठिवलीचा.
त्याचा डबा माझ्या डब्याशेजारी असायचा.
दुसऱ्या दिवशी मीच नेऊन दिला घरी.
धुऊन."
आई आतून ओटा पुसत होती.
तिचा हात थांबला नाही.
म्हणजे तिला माहीत होतं.

पंचाण्णवावा भाग:
यंत्र आता काहीच बोलत नाही, फक्त नावं वाचतं.
दिग्दर्शक म्हणाला, वीस सेकंद देतो, फार तर पंचवीस.
मी तीनशे लिहायला बसले.
चाळिसाव्याला माझी नावं संपली.
मग शाळेचा हजेरीपट आठवला,
इमारतीतल्या पाट्या, लाईटमन, त्यांची पोरं.
पुंडलिक मागे उभा राहून बघत होता.
म्हणाला, आमच्या आजीचं घाला, धाकुबाई,
तिचं नाव कधी कुठे छापून आलं नाही.
घातलं.

निळा दिवा अजून सेटवर आहे.
कुणीतरी त्याच्यापुढे उदबत्ती लावायला लागलंय,
थर्माकोलच्या भोकात खोचून.

दोनशे नव्याण्णव झाली.
पहिली ओळ कोरी आहे.
ते नाव मला न विचारता लिहिता येत नाही,
आणि विचारायला गोठिवलीला जायचं
तर हातात काय घेऊन जावं,
सुचत नाही.