चौथी गोष्ट

फॉर्मवर विचारलं होतं, मानसिक आजार? औषधं चालू?
मी लिहिलं, नाही.
पेन विहारातलंच, दोरीला बांधलेलं.
खोटं बोलणार नाही हे चौथं शील
रोज म्हणतो मी, पालीत, न अडखळता.

गोळ्या दापोडीतच ठेवल्या,
टीव्हीमागे, जुन्या लग्नपत्रिकांखाली.
कुंदाला सांगितलं, सोबत घेतल्यात.
अजून मांडी घालायची होती
आणि चौथं शील दोनदा मोडून झालं होतं.

पहिले तीन दिवस नाकाखाली श्वास.
आला. गेला.
मी एसटीच्या वर्कशॉपातला, अठरा वर्षं रिव्हेट ठोकतोय,
एका टिंबावर नजर ठेवणं मला नवं नाही.
चौथ्या दिवशी छान वाटलं. फारच छान.
पाचव्या रात्री झोप आली नाही
आणि मला तिची गरजही वाटेना.
सहाव्या दिवशी अंगभर लहरी सुटल्या.
सगळ्यांच्याच सुटत असतील,
माझ्या मात्र भिंतीत शिरल्या, भिंतीतून टाकीत,
टाकीतून सत्तर जणांच्या अंघोळीत.
पहाटे तीनला उठून
हॉलबाहेरच्या चपला मी जोडीनं लावल्या,
मग मापानं,
मग कोण आधी मरणार त्या क्रमानं.
मला ते टाचांच्या झिजेवरून कळत होतं.

सेवकानं खांद्यावर हात ठेवून नाव विचारलं.
मी त्याला मौन पाळायला सांगितलं.

सुमेध मेव्हणा रिक्षा घेऊन आला.
आळंदी रस्ताभर कुंदा काही बोलली नाही,
फक्त माझं मनगट धरून बसली,
विश्रांतवाडीच्या सिग्नलला आणखी घट्ट.

ससून. बाकडं. नंबर.
झोपेचं इंजेक्शन, रक्ताची बाटली, पुन्हा नंबर.
डॉक्टर तांबोळी म्हणाल्या,
ध्यान करू नका असं नाही म्हणत मी,
पण ब्रेक काढून कोणी गाडी घाटात घालतं का?
मी एसटीतला, हे त्यांना माहीत नव्हतं.
मी ऐकून घेतलं.

पुढचे महिने ओल्या गोधडीसारखे अंगावर.
वस्तीत काही म्हणाले, याला धम्म पेलला नाही.
काही म्हणाले, धम्मानंच येडा केला.
भांडण त्यांचं,
पण मी वाया गेलो यावर दोघांचं एकमत.
विहाराकडची गल्ली मी सोडली,
पुलाखालून लांबचा वळसा घेऊन कामाला जायचो,
जलपर्णीचा वास नाकात घेऊन.

एका रविवारी कचरूबाबा ओव्हाळ घरी आले.
विहाराची किल्ली त्यांच्या करदोट्याला असते.
चहा बशीत ओतला, फुंकर घातली, विचारलं,
भिक्खूला किती गोष्टी लागतात रं?
मी बोटं दुमडली. चीवर. भिक्षा. पडायला जागा.
चौथी?
चौथी आठवेना.
औषध, म्हणाले. औषध.
आणि भगवंतांचं पोट बिघडलं तेव्हा जीवकानं
काय नुसता श्वास मोजायला लावला व्हय?
मग स्वतःच इतके हसले की बशी हिंदकळली,
आणि कुंदा आतून बघायला आली,
या घरात कोण हसतंय.

आता डबा टीव्हीमागे नसतो.
रात्री साडेआठ, स्टीलचा पेला, गोळी.
मग दहा मिनिटं बसतो, डोळे उघडे ठेवून,
डॉक्टरांना विचारून.
दहाची अकरा करायची नाहीत असं ठरलंय,
कुंदा आतून भांडं वाजवते.
बोटं जरा थरथरतात, ती गोळीमुळं.
तीही बघतो.
कधी काहीच होत नाही. डास चावतो.
कधी जुनी लहर डोकं वर काढते,
तेव्हा उठतो आणि कुंदाला सांगतो,
खरं.

परवा पौर्णिमेला विहारात गेलो.
दाराशी चपलांचा ढीग, कशाही पडलेल्या,
लहान मोठ्या, एक अंगठा तुटलेली.
हात शिवशिवले.
माझ्याही त्यातच काढल्या.
एक उलटी पडली.
राहू दिली.