कानाजवळ धर

बसलिंगण्णाचे हात कापायला लागले,
म्हणजे थरथरायला, गिऱ्हाईक नव्हे,
तेव्हा त्यानं खुर्ची विकली आणि मला म्हणाला,
"आता दुसऱ्या कुणाच्या हातात गाल देऊ नको. चल बाजारात."

निपाणीचा बाजार. कल्हईवाल्याच्या पलीकडं
पोत्यावर मांडलेली मोडतोड:
किल्ल्या हरवलेली कुलपं, अडकित्ते, चष्म्याची एक दांडी,
आणि चार वस्तरे.

अण्णा उकिडवा बसला. आधी हात धोतराला पुसले.

पहिला उघडला, लगेच मिटला.
"ह्यानं कुणीतरी पेन्सिली तासल्यात."
दुसऱ्याच्या पात्यावर गंजाचे टिपके,
देवी येऊन गेलेल्या गालासारखे.
"पाठीला गंज चालतो. पाठ कुणाची दाढी करत नाही.
धारेपर्यंत आला की संपलं."
तिसरा इतका चकचकीत, की मी खिशात हात घातला.
अण्णानं तो शेजारच्या फ्रेमवाल्याच्या काचेवर
न विचारता आडवा ठेवला,
आणि एका टोकाखालून उजेड आला.
"नवरदेवासारखा नटवलाय. पण वाकडा."

चौथा काळा. मूठ शिंगाची, तडकलेली,
शेपटावर परदेशी अक्षरं, निम्मी झिजलेली.
अण्णानं नखानं पातं हळूच छेडलं.
"कानाजवळ धर."
बाजार काही थांबला नाही. मिरचीचा ठसका, तंबाखूचा वास,
कुणी कन्नडात भाव सांगतंय, कुणी मराठीत पाडून मागतंय,
आणि त्या सगळ्यातून वाट काढत
एक बारीक सूर, लांब, लवकर न विझणारा.
"पोटात पातळ आहे. घे."
दीडशे सांगितले. नव्वदला घेतला.

मी पाट्या रंगवतो. दोन्ही लिप्यांत.
वर कुठली ओळ, खाली कुठली, कुठलं अक्षर किती बोटं मोठं,
ह्यावरून माझे दोन डबे रंग गेले, एकदा शिडी.
रेघ म्हणजे काय ते आपल्याला कळतं, असं मला वाटायचं.

रात्री त्यानं दगड काढला.
घटप्रभेच्या पात्रातला म्हणे, आज्ज्याच्या हातचा,
घासून घासून मधे बशीसारखा झालेला.
तो आधी दुसऱ्या दगडावर सपाट केला.
त्यातच तास गेला. वस्तरा अजून फडक्यातच.

मग पाणी. मग पाठ आणि धार, दोन्ही टेकवून,
धार पुढं ठेवून सरकवायचं,
जणू दगडाचाच पापुद्रा काढायचाय.
टोकाला पोचलं की पाठीवर उलटायचं, धारेवर कधीच नाही.
इकडून एक, तिकडून एक.
दगडावर त्याचा हात अजिबात थरथरत नव्हता.
"मोजू नको. पाणी बघ.
पाणी आपणहून पात्यावर चढायला लागलं की समज, जमलं."

माझी पाळी आली. आणि मला काहीतरी सुचलं.
"अण्णा, दोन बाजू जिथं भेटतात, तिथंच धार.
म्हणजे आपल्या ह्या मुलखासारखंच की."
"बोलू नको," तो म्हणाला, "हात हलतो."

मग अथणीच्या चामड्याचा पट्टा, खिडकीच्या गजाला अडकवलेला.
आता उलटं: पाठ पुढं, धार मागं.
सर्र, सर्र. दाबायचं नाही, नुसतं न्यायचं.
मला हाव सुटली.
"साकु," तो म्हणाला.
अजून दहा वेळा, मी म्हणालो.
"साकु. पुरे म्हणजे पुरे. ह्याच्या पुढं धार गोल होती."

सकाळी आरशासमोर उभा राहिलो. गाल ताणला.
दोन वेळा काहीच जाणवलं नाही,
फक्त फेस गेला आणि खाली माझं तोंड निघालं.
तिसऱ्यांदा कानाखाली
एक लाल रेघ. आजवर ओढलेली सगळ्यांत बारीक.

दुपारी किराणा दुकानाची पाटी होती.
मालक विचारत होता, वरती काय घालूया?
मी शिडीवर. तुरटी झोंबत होती.