जांभळं औषध

दुपारी तीनला लू पडवीत शिरून
वाळत घातलेले पापड उलटेपालटे करत होती,
तेव्हा भगवतीचा नातू हरिओम कुंपणावरून ओरडला,
"बुआ, चित्री को सब मिलके नोच रही हैं!"

गेले. खुराड्यामागे, फरशीच्या हातभर सावलीत
चित्री भिंतीकडे तोंड करून उभी,
शिक्षा झालेल्या पोरीसारखी.
शेपटीच्या वर रुपयाएवढी जागा उघडी, लाल, ओली.
कडेला दोन माश्या.
माश्यांना घाई नव्हती.

पहिली टोच कुणाची ते कधीच कळत नाही.
कोंबड्याचं नख असेल, पत्र्याची धार असेल.
पण लाल दिसलं की बाकीच्या येतात.
रागानं नाही,
दाणा दिसल्यासारख्या येतात,
कालपर्यंत हिच्याच पंखाला पंख लावून झोपलेल्या.

आधी तिला वेगळी करायची.
मग डोक्यावर टॉवेल. कोंबडीला वाटतं रात्र झाली,
आणि रात्री ती धडपडत नाही.
हे आबांचं शिक्षण, पण कोंबडीवरचं नव्हे.
आबा लश्करच्या मोठ्या इस्पितळात
सेप्टिक वॉर्डात अठ्ठावीस वर्षं ड्रेसर.
रोग्याच्या डोळ्यांवर स्वतःचा रुमाल टाकत
आणि विचारत, गाव कुठलं? भिंड? बरं, तिकडं मोहरी कशी आहे यंदा?
मोहरीचं सांगून होईस्तोवर
चिकटलेली पट्टी सुटलेली असे.

"गाव कुठलं गं?" मी टॉवेलला विचारते.
हरिओम हसतो, पण पकड सोडत नाही. शहाणा आहे.

पाणी उकळून कोमट केलेलं. त्यात मीठ.
किती? चाखून बघायचं:
रडल्यावर ओठांवर येतं तेवढं.
चोळायचं नाही, ओतायचं.
भोवतीची पिसं कात्रीनं आखूड करायची,
पण नवे निळसर देठ सोडायचे,
त्यांच्यात रक्त असतं, कापले तर थांबत नाही.
माशीची अंडी कणीहून बारीक,
चष्मा कपाळावरून खाली,
चिमटा, एक, अजून एक,
घाम नाकावरून तिच्या पाठीवर पडू नये म्हणून
मान वाकडी.

शेवटी बाटली.
दौलतगंजच्या केमिस्टनं धूळ पुसून दिली होती,
"ये अब कौन माँगता है, बहनजी."
जंतू मरतात हे तिचं अर्धं काम.
उरलेलं अर्धं रंगाचं:
लाल दिसेनासं करायचं.

सहाला शितोळ्यांकडे बारसं.
माझी तीन बोटं दुसऱ्या पेरापर्यंत जांभळी.
लिंबू झालं, रॉकेल झालं, राख झाली.
पदराखाली धरून गेले,
पण पेढा घ्यायला हात पुढे करावाच लागतो.

"अगंबाई, हे काय?"
मग सगळ्यांना सांगितलं, कोंबडी, टॉवेल, मोहरी.
वत्सलावहिनी हसता हसता खुर्चीवरून घसरल्या.
फाळक्यांच्या सुनेनं तिच्या पोपटाचं गळू काढलं.
पाळण्याशी जाऊन बाळाच्या कानात नाव सांगितलं, निघाले,
स्कूटरला किल्ली लावताना लक्षात आलं:
बारा वर्षांत पहिल्यांदाच
कुणीही विचारलं नव्हतं,
"हे अजून नागपूरलाच का?"

आठव्या दिवशी खपली काळी, कोरडी, कडेनं सुटलेली.
तिला परत सोडायची ती दिवसा नाही.
अंधार पडल्यावर हलक्या हातानं
दांड्यावर दोघींच्या मधे सारायची,
सकाळी बाकीच्यांना वाटावं, ही होतीच की.
थोरली लंगडी जराशी कुरकुरली,
मग सरकली.

सकाळी हरिओमनं मोजल्या. सात.

पुढच्या गुरुवारी मोरारला मुंज आहे, सगळेच येणार.
बोटं आता स्वच्छ झालीत.
बाटलीत अर्ध्याहून जास्त औषध शिल्लक आहे.