उजवं दार

रुस्तावीच्या गाडीबाजारामागे, तिसऱ्या ओळीत
गुरामचं गॅरेज. बाहेर दारांचा ढीग,
गाड्यांची दारं, गाड्यांशिवाय.
मी तिथे चामडं चढवते.
चढवते म्हणजे आधी उतरवते.

आतलं प्लॅस्टिक राखाडी, उघडं पडलं की लाजल्यासारखं.
कोपऱ्यात एक घड्याळ उमटवलेलं असतं, एकाच काट्याचं:
साच्यातून कुठल्या महिन्यात निघालं, ते.
माझ्या आईला माझा महिना सांगता येत नाही.
द्राक्षं तोडत होतो, एवढंच म्हणते.

सोमवारी अवतांदिल आला. खिंडीपलीकडे
सतरा वर्षं एकाच गाडीवर टॅक्सी.
आता गुडघा क्लच दाबत नाही.
"दोन्ही दारांचे हात नवे कर. मुलगी म्हणते,
विकायची तर आतून तरी बरी दिसू दे."
एकशेचाळीस लारी ठरले.

डावं दार सोपं गेलं.
कोपर टेकून टेकून फोमला वाटी पडली होती,
ती खरवडली, नवा फोम बसवला,
सोल्यूशन लावलं: प्लॅस्टिकला, आणि चामड्याच्या पाठीलाही.
एकीकडे लावून भागत नाही.
मग थांबायचं. बोटाला चिकटेनासं झालं
की चिकटतं.
गुरामने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मला चेष्टाच वाटली.
आणि मग एकदाच. टेकलं की टेकलं,
सरकवून घेऊ म्हणायची सोय नाही.
गरम हवेने मऊ करत बाकावर ओढलं,
आतल्या वळणाला रापीने पाच चिरा,
नाहीतर सुरकुती येते,
आणि गिऱ्हाईक आधी सुरकुतीच बघतं.

उजव्या दाराचं चामडं सोललं तर
मुठीच्या आतल्या बाजूला, फोममध्ये
चार चंद्रकोरी.
शेजारी आणखी चार. त्यांच्यावर आणखी.
एके ठिकाणी फोम संपून
थेट प्लॅस्टिकवर ओरखडा.

"प्रवासी फार घाबरायचे का हो?"
"प्रवासी मागे बसायचे," तो म्हणाला.
"पुढे त्सियाला. पावांची टोपली मांडीवर घेऊन, दर फेरीला.
वळणं सुरू झाली की डोळे मिटायची.
मी म्हणायचो, बाई गं, इतकी झोप येते कुठून तुला?
म्हणायची, तू चालवतोस ना."

त्याने आपली बोटं त्या खुणांना लावून पाहिली.
जाड बोटं. एकही बसलं नाही.

बराच वेळ तो घड्याळाकडे बघत राहिला,
त्या प्लॅस्टिकवरच्या, एका काट्याच्या.
मग म्हणाला, "जुनंच परत लावता येतं?"

येत नाही.
सोललेलं चामडं आखडतं, आपल्याच जागेला पुरत नाही.
हे त्याला सांगायला हवं होतं.
मी ते ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलं,
दुपारभर ताणलं, दातांनी धरून ताणलं.
तरी खाली बोटभर कमी पडलं.
तिथे नव्याची पट्टी जोडली, जिथे कुणी वाकून बघत नाही.
फोमला हात लावला नाही.
सोल्यूशन लावलं, आणि थांबले.
"वाळलं केव्हाच," गुराम दोनदा ओरडला.

संध्याकाळी तो गाडी घेऊन गेला:
एक दार नवंकोरं, एक तसंच.
फाटकाशी वळण आहे, साधंच, ट्रकसुद्धा न बघता घेतात.
त्याने इतकं हळू घेतलं
की मागच्यांनी हॉर्न वाजवले.

गुरामने सत्तरच घेतले आणि आठवडाभर कुरकुरला.
उजव्यासाठी कापलेलं चामडं फळीवर पडून होतं,
दुसऱ्या कुठल्याच दाराला ते बसेना.
आता तो त्यावर चहाचा पेला ठेवतो.