टाळूचा नकाशा

घणसोलीला, औषधाच्या दुकानावर माझी खोली.
खिडकी एकच. तीही मिटून ठेवते,
कारण खाली रिक्षावाले भांडतात
आणि माझं काम आवाजांचं आहे.

सोमवारी चारला येतो वेदांग मढवी, वय वर्षं सात.
सोबत त्याचे आजोबा, हसुराम,
हातात शाळेची डायरी, त्यात लाल शाईत:
ळ येत नाही. ण येत नाही. तपासून घ्यावे.

तपासलं.
टॉर्चच्या उजेडात त्याची टाळू
गुलाबी, सुबक, होडीच्या पोटासारखी.
दातांमागचा उंचवटा संपून
जिथे चढ लागतो तिथे मी मधाचा ठिपका ठेवला.
जीभ इथे आण. टोक मागे वळव. चिकटव. आता सोड.
मध संपला. जीभ सुटली.
‘ल’, वेदांग म्हणाला, अगदी समाधानानं.

बाळ. बाल.
कमळ. कमल.
टाळू. टालू.

मग दोन चित्रं मांडली,
एक गाल, एक खाडीतला गाळ.
तोंडापुढे पुठ्ठा धरून म्हणत गेले कधी हे, कधी ते,
आणि तो बोट ठेवत गेला.
दहातले पाच बरोबर.
नाणं उडवलं तरी तेवढेच येतात.

‘आमचे घरान सगली आशीच बोलतान,’ हसुराम म्हणाले,
आणि स्वतःही खेळले एक डाव.
चाळीस वर्षं जो गाळ गुडघ्यापर्यंत तुडवला
तो त्यांच्या पायाला पाठ आहे,
कानाला नाही.
त्यांचेही पाचच.

जन्मतः म्हणे कानाला जगातले सगळे आवाज वेगळे कळतात.
मग वर्षाच्या आतच तो घरातल्यांचं ऐकून ठरवतो
कुठली भिंत ठेवायची, कुठली पाडायची.
मढवींच्या घरात ल आणि ळ यांची एकच खोली आहे,
ऐसपैस,
आणि तिथे कुणाचं काही अडत नाही.

हे मला परीक्षेत बारा गुणांना होतं.

ळ राहू दे, म्हटलं, फ बघू.
बसचं तिकीट उभं फाडून पट्टी केली, त्याच्या ओठांपुढे धरली.
पान. पट्टी जेमतेम हलली.
फणस. पट्टीनं टुणकन उडी मारली.
शाब्बास. आता माझ्याकडे बघ हं. फणस.

पट्टी वाकली. वाकलेलीच राहिली.
उडी नाही.

वेदांगनं पट्टीकडे बघितलं, मग माझ्याकडे.
हसुराम खुर्चीत पुढे सरकले.
‘म्याडम, तुमचा फ दातान्शी येतंय.
आमचा व्होटान्शी.’

फूल, म्हटलं मी. फळा. फार.
खालच्या ओठावर वरचे दात टेकत होते,
हवा फटीतून घसरत होती, उडत नव्हती.
एक्केचाळीस वर्षं.
त्यातली सतरा इतरांचे फ दुरुस्त करण्यात.

‘व्होट मिट,’ वेदांग म्हणाला, माझ्याच आवाजात,
‘आनि आता सोड.’
सोडला. थुंकी उडाली, तिकीट भिजलं,
तो खुर्चीवरून घसरेपर्यंत हसला.
पुन्हा, म्हणाला. पुन्हा.
आजची फी कुणी कुणाला द्यायची
हे हसुरामनी विचारलं नाही,
डोळे मात्र विचारत होते.

डायरीत मी लिहिलं: दोष आढळला नाही.
मग थोडं थांबून, त्याखाली: सराव चालू ठेवू.
शाळेला ळ हवा आहे. पुढच्या महिन्यात श्रुतलेखन आहे.
दोन ओळी एकमेकींशी बोलत नाहीत, मला दिसतंय.

रात्री नौपाड्याला आईला फोन केला.
तिच्या गुडघ्याचं झालं, सोसायटीच्या पाण्याचं झालं.
‘बरं, ठेवते, फोडणी करपेल,’ ती म्हणाली,
आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा
मला तिचा दात ऐकू आला,
ओठावर हलकेच टेकलेला.